रिकामा डबा, चारच्या गाडीने

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, एकावर एक बसणाऱ्या तीन पुडांचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी 'सिंधु' असे नाव कोरलेले आहे आणि पोटाला भला मोठा पोचा आहे. पोच्याला लगेच हसू नका. आधी माझी गोष्ट ऐका, मग हसायचे तर खुशाल हसा!

सिंधुबाईंच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. शिरूर अनंतपाळकडचे छोटे गाव, दगडमातीचे घर. सिंधुबाईंचे यजमान शेषेराव शेतात असायचे, त्यांची भाकरी पोचवणे हे माझे काम. त्र्याण्णव सालच्या भूकंपात ते घर बसले. फळीवरून मी पडलो तो थेट त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीच्या, साक्षीच्या शेजारी. वर तुळई आडवी, भोवती माती. पोर रडून रडून थकली. मग हाताला लागलेला दगड घेऊन तिने मला बडवायला सुरुवात केली. ठण्! ठण्! त्या आवाजावर सिंधुबाईंनी नखांनी माती उकरून लेक बाहेर काढली. माझा पोचा त्या दगडाचा आहे.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहणे आले. तिथे शहरातल्या काही ताई-दादांनी पांढरी चादर बांधून मुलांना कार्टूनचा सिनेमा दाखवला. करकोच्याचे पिल्लू हरवते आणि त्याची आई त्याला शोधून काढते. साक्षी आईच्या मांडीवर बसून बघत होती. भूकंपानंतर ती पहिल्यांदा हसली, ती त्या दिवशी.

दहावीला तिला ब्याण्णव टक्के पडले. सगळे म्हणाले, "लातूरला टाका." झाले! साक्षीला लातुरात खोली, क्लास आणि मला नवी नोकरी! सकाळी आठला फाट्यावर सिंधुबाई मला एसटीच्या व्यंकट कंडक्टरांच्या हवाली करायच्या. दहाला लातूरचे स्टँड. माझ्यासारखे पंधरा-वीस डबे त्या गाडीत असायचे. साक्षी मला न्यायची आणि रिकामा करून चारच्या गाडीत ठेवायची. सहाला सिंधुबाई फाट्यावर हजर. मला हलवून बघायच्या, मी रिकामा वाजलो की म्हणायच्या, "जेवलं माझं लेकरू. बरं हाय." मगच त्या घरी जाऊन दोन घास खायच्या.

पण एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. क्लासमध्ये भौतिकशास्त्राचा तास दहालाच सुरू व्हायचा. मला बगलेत मारून साक्षी धावत पोचेपर्यंत फळ्यावरची अर्धी गणिते पुसलेली असायची. चाचणीत शंभरपैकी एकतीस मिळाले.

"अगं, सांग की आईला! मेस लाव," तिची मैत्रीण मनस्विनी वैतागायची.

"कसं सांगू? रिकामा डबा दिसला न्हाई तर आई जेवत न्हाई."

बारावीच्या थंडीत त्याच करकोच्याचा दुसरा भाग लातूरला लागला. रविवारी दोघी बाराच्या खेळाला गेल्या. मी खुर्चीखाली पिशवीत. मला दिसले काहीच नाही. पंखांची फडफड आणि साक्षीचे नाक ओढणे तेवढे ऐकू आले. सिनेमा सुटला, दोघी डोळे पुसत, बडबडत बाहेर पडल्या. आणि मी? खुर्चीखालीच! साक्षी धापा टाकत परत आली तोवर पुढचा खेळ सुरू झाला होता. "उद्या सकाळी या," दारवान म्हणाला. चारची गाडी माझ्याशिवाय गेली.

सोमवारी मला सोडवून साक्षी स्टँडवर आली, तर गाडीतून सगळ्यात आधी उतरल्या सिंधुबाई. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात शेषेरावांची. लेकीचे डोके, हात, पाठ चाचपून बघितली, मग ओरडल्या, "डबा का न्हाई आला गं? जीव गेला ना माझा!"

"त्या करकोच्याच्या पिल्लाच्या शिनिमाला गेले होते," साक्षी म्हणाली. मग एकदाचे सगळे सांगून टाकले. तास, गणिते, एकतीस मार्क.

"कवापासून चालू हाय हे?"

"दिवाळीपासून."

"आन् मी इकडं रोज डबा भरून राहिले!" सिंधुबाई मला मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. बराच वेळ त्या पोच्यावरून बोट फिरवत होत्या. "त्या पिल्लाचं काय झालं पुढं?"

"मोठं झालं. उडून गेलं."

"आन् त्याची माय?"

"तळ्यातच ऱ्हायली. आपले मासे धरत बसली."

"मंग बरोबर हाय." त्यांनी पदराने नाक पुसले. "आजपासून मेसचं खा. पण दर शनिवारी डबा तू पाठवायचा, मला. आन् रिकामा न्हाई बरं का!"

पहिल्याच शनिवारी साक्षीने खोलीतल्या स्टोव्हवर माझ्या पुडातच बटाट्याची भाजी केली. बुड करपले. सहाला फाट्यावर सिंधुबाईंनी मला हलवले. मी वाजलो नाही. झाकण उघडून त्या उभ्याउभ्याच खाऊ लागल्या.

"कशी झाली?" व्यंकटरावांनी विचारले.

"मीठ इसरली, बया," असे म्हणत त्यांनी पुडाला लागलेली भाजीही बोटाने पुसून खाल्ली.

मित्रांनो, डबा पाठवणाऱ्याला नुसते 'जेवलो' एवढेच कळवू नका. तास बुडतोय, तेही सांगा. आणि कधीतरी डबा भरून परत पाठवा. भाजी करपली तरी चालेल!

सिंधुबाईंनी माझे करपलेले बुड राखेने घासून लख्ख केले. पोचा काढणारा गावात आला की मात्र त्या मला धान्याच्या कणगीमागे लपवून ठेवतात.