चार ग्रॅम चांदी

पायानं पाळणा हलवत तिनं गणित खोडलं. उत्तर पुन्हा साठपटीनं चुकलं होतं. मिनिटांचे सेकंद करायचे राहिले होते. गेल्या वर्षी विद्युत-विघटनाच्या याच गणितानं तिला नापास केलं होतं आणि उद्या पुन्हा तोच पेपर होता. वडील विजेच्या टाकीत भांड्यांना मुलामा देणारे. "वीस मिनिटं झाली, काढ," हे ऐकत ती मोठी झाली. त्या घरात सेकंद कुणी मोजलेच नव्हते.

पुस्तकातली गणितं संपली. खुणेसाठी ठेवलेली चिठ्ठी तिच्या हाताला लागली. गेल्या महिन्यात वडिलांनी बाळाला चांदीचा मुलामा दिलेला चमचा पाठवला होता. सोबत पत्र नव्हतं. दुकानातल्या प्रत्येक वस्तूला बांधतात तशी ही चिठ्ठी तेवढी दांड्याला होती: आधीचं वजन, नंतरचं वजन, प्रवाह. तिनं मनासारखं लग्न केल्यापासून बापलेकीचं बोलणं ख्यालीखुशालीपुरतं उरलं होतं. 'घरी ये' असं ते एकदाही म्हणाले नव्हते.

चार ग्रॅम चांदी. अर्धा अँपिअर. वेळ लिहिलेली नव्हती, ती तिनं काढली. सात हजार एकशे अठ्ठेचाळीस सेकंद. म्हणजे जवळजवळ दोन तास.

तिनं आकडेमोड पुन्हा तपासली, मग वडिलांना फोन लावला.

"बाळ काय म्हणतंय?"

"झोपलंय. बाबा, एका चमच्याला किती वेळ लागतो?"

"अर्धा तास. तेवढ्यात गिऱ्हाइकाला आपलं तोंड दिसतं त्यात."

"माझ्या चमच्याला दोन तास येतायत."

"चुकलं असेल. तू पहिल्यापासून घायकुती."

"या खेपेला सेकंद केलेत."

पलीकडे त्यांनी टाकीचा पंप बंद केला.

"त्या दिवशी काम नव्हतं फारसं," ते म्हणाले. "दात येतायत म्हणाली होतीस. पोर चावणार त्याला. पातळ थर टिकला नसता."

ती चिठ्ठीची घडी घालत राहिली, उलगडत राहिली.

"पेपर कितीला सुटतो?"

"एकला."

"मग अडीचची गाडी मिळेल तुला," ते म्हणाले. "पोराला टोपी घाल. खिडकीशी वारा लागतो."