सोमवार-गुरुवारची पट्टी

माझी धाकटी जाऊ नमिता पुलगावच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मी घर पाहायची आणि देवघर. सासूबाई, म्हणजे जिजाबाई, जाताना मला एवढंच म्हणाल्या होत्या की सोवळं सांभाळजो. ते मी सांभाळलं. त्यापायी दुसरं काय हातून निसटलं, ते सांगायचं आहे.

घर एकच, स्वयंपाक दोन, देवघर मात्र एक. खाली आम्ही, वर श्रीधरभाऊजी आणि नमिता. चार दिवस अडचण असली की नमिता जिना उतरून यायची आणि देवघराच्या बाहेर, खांबाजवळच्या पाटावर बसायची. तिथूनच आरती म्हणायची. तिचा या गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता, पण माझा आहे म्हणून ती पाळायची. इतक्या वर्षांत तिनं एकदाही वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

नव्व्याण्णव साल. आदल्या दिवाळीपासून तिची पाळी थांबली होती. माझी तर केव्हाच गेली होती आणि मला त्याचा काही त्रास झाला नव्हता. एकादशी, सोमवार, गुरुवार, चतुर्थी हे सगळं बिनखंड करता येतं, एवढंच सुख मला कळलं होतं. म्हणून मी तिला हसत म्हटलं की आता तो खांबाजवळचा पाट माळ्यावर टाकू. तीही हसली. पण तिला त्या जाण्याचा फार त्रास व्हायला लागला. पुलगावचा उन्हाळा असा की माठातलं पाणीही कोमट, त्यात हिच्या अंगातून वाफा निघायच्या. दहावीच्या वर्गात फळ्यापुढे उभी असताना मान, कपाळ, पाठ भिजून जायची. पुढच्या बाकावरच्या मुली कुजबुजायच्या. एकदा प्रमेय लिहितालिहिता तिला पुढची ओळच आठवेना. खडू ठेवून ती बाहेर आली आणि नळाखाली डोकं धरून उभी राहिली. घरी येऊन मला म्हणाली, "ताई, शिकवणं सुटलं तर मी काय करीन? मले दुसरं काही येत नाई."

म्हणून आम्ही दोघी पॅसेंजरनं वर्ध्याला गेलो. तिथल्या डॉक्टरबाई वयानं आमच्याच बरोबरीच्या होत्या. त्यांनी आधी खूप विचारलं. छातीत कधी गाठ होती का, पायाच्या शिरेत रक्त कधी गोठलं होतं का, कावीळ, रक्तदाब, घरात कोणाला कॅन्सर. सगळं तपासून झाल्यावर त्यांनी एक पारदर्शक, नाण्याएवढी पट्टी दाखवली. यातून औषध कातडीवाटे अंगात जातं, म्हणाल्या. आठवड्यातून दोनदा बदलायची. बेंबीच्या खाली पोटावर किंवा कुल्ह्यावर लावायची, छातीवर कधीही नाही. जागा धुतलेली, कोरडी पाहिजे, तेल नको, पावडर नको. जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही, आणि नवी लावताना जागा बदलायची. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडून टाकायची, कारण तिच्यात औषध उरलेलं असतं.

मग त्यांनी गोळ्यांची दुसरी चिठ्ठी लिहिली. पट्टीनं गर्भपिशवीचं अस्तर वाढत जातं, ते वाढू नये म्हणून दर महिन्याला बारा दिवस ही गोळी. गोळ्या संपल्या की थोडी पाळी येईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण भलत्याच दिवशी रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात यायचं. शेवटी पेन खाली ठेवून त्या आम्हा दोघींकडे पाहत म्हणाल्या, "पिशवी आहे तोवर पट्टी एकटी लावायची नाही. गोळी तिच्या सोबतीला हवीच."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी तिथंच बसले होते, तिच्या शेजारी.

पट्टी बदलायचे वार मीच ठरवले. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, दोन्ही माझे उपासाचे दिवस, म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही. तुळशीला पाणी घातलं की मी जिन्याखालून हाक मारायची, "नमिता, आज सोमवार." वरून तिचा आवाज यायचा की बदलली, ताई. भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवारी उ आणि गुरुवारी डा असं मी पेन्सिलीनं लिहायची, उजवी बाजू आणि डावी बाजू. अंगाला तेल लावून न्हाली आणि पट्टी सुटली, तेव्हा मीच तिला रागावले की बाईंनी सांगितलं होतं ना, तेल नको. श्रीधरभाऊजी मला चिडवायचे, "वयनी, तुम्हाले दवाखान्यातच ठेवून घ्यायले पायजे."

महिन्याभरात नमिता पहिल्यासारखी झाली. झोपायला लागली. वर्गात उभी राहायला लागली. जुलैत एकदा तर तिनं शाळेतून येऊन मला अंगणातच सांगितलं की आज दोन तास सलग शिकवलं, रुमाल काढलाच नाही.

आणि गोळ्या संपल्या तशी पाळी आली. पाट माळ्यावरून खाली आला.

आषाढात आली, तेव्हा आम्ही हसून घेतलं. श्रावणात नेमकी सोमवारी आली. शिवामूठ वाहायची होती, ती पाटावर बसून राहिली. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस सोवळ्याचा स्वयंपाक, सोळा भाज्या, पुरणपोळी, दोघी जावांनी मिळून दोन्ही मुखवटे आणायचे ही सासूबाईंची रीत. मी बोटांवर दिवस मोजले. त्या महिन्याच्या गोळ्या नेमक्या महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी संपत होत्या.

आमच्याकडच्या बाया सणावाराला पाळी पुढे जावी म्हणून गोळ्या घेतात, ते सगळ्यांना ठाऊक असतं. मला वाटलं, तिथं घेऊन लांबवतात, इथं न घेऊन लांबेल. त्यात काय एवढं.

मी तिला म्हटलं, "या महिन्यापुरत्या गोळ्या राहू दे, नमिता. पट्टी तर सुरूच आहे. महालक्ष्म्या झाल्या की घेजो."

बाईंनी काय सांगितलं होतं ते तिलाही आठवलं असणार, मलाही आठवलं होतं. मग ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तर राहू देतो, ताई."

महालक्ष्म्या फार छान झाल्या. दोघींनी मिळून मुखवटे आणले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं मला बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात नवरात्र, घरात अखंड दिवा. मग कार्तिक, रोजची काकडआरती आणि तुळशीचं लग्न. मार्गशीर्षातले गुरुवार. संक्रांतीचं हळदीकुंकू. महाशिवरात्र. चैत्रगौर. कोणता महिना आमच्याकडे मोकळा होता? मला पुन्हा सांगावंही लागलं नाही. गोळ्यांचं पाकीट तिच्या कपाटात तसंच राहिलं, आणि सोमवार-गुरुवारची पट्टी एकदाही चुकली नाही. सहा महिन्यांनी तपासायला या, असंही बाई म्हणाल्या होत्या. पण तिला बरं वाटत होतं, आणि बऱ्या माणसानं दवाखान्यात काऊन जायचं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. श्रीधरभाऊजी नागपूरहून तीच जुनी चिठ्ठी दाखवून पट्ट्या आणायचे.

याच्याही पुढचं एक आहे. ते लिहिताना हात अडतो.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. सतरा जोडपी जेवायला सांगितली होती. त्या सकाळी मी मोरीत गेले तर कोपऱ्यातल्या बादलीत नमिताचा परकर भिजत होता आणि पाण्याला तांबूस रंग आला होता. मी उभी राहिले. बाहेर चूल पेटली होती, गुरुजी आले होते, नमिता अंगण सारवून रांगोळी घालत होती. भलत्या दिवशी रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात यायचं. मला ते शब्दन् शब्द आठवलं. बोलले असते तर ती पाटावर बसली असती, आणि तिच्या वाटची मांडणी कोणी करायची होती? मी बादलीत आणखी पाणी ओतलं आणि बाहेर आले.

ती माझ्याकडे पाहत होती. मी पाहिलं हे तिला कळलं होतं. मी म्हटलं, "बेलाची पानं निवडून झाली का?"

ती म्हणाली, "झाली."

आम्ही दोघी देवापुढे बसलो. नियमही मोडला आणि माणूसही सांभाळलं नाही. दुसऱ्या दिवशी तरी मी बोलू शकले असते. पण मग काल का बोलले नाही हे सांगावं लागलं असतं. असे दोन महिने गेले.

परीक्षा सुरू होत्या. वर्गात पर्यवेक्षण करताना तिचं लुगडं खराब झालं, आणि सोबतच्या बाईंनी तिला रिक्षात घालून घरी आणलं. त्याच दिवशी आम्ही वर्ध्याला गेलो. डॉक्टरबाईंनी आतून तुकडा घेऊन तपासायला पाठवला. आठवड्यानं कागद आला, तो त्यांनी दोनदा वाचला. मग विचारलं की दर महिन्याच्या गोळ्या घेत होता ना.

माझा हात गोमुखीत होता, माळ चालू होती. मणी बोटात अडकला.

नमिता म्हणाली, "नाई घेतल्या. माझ्याच्यानं राहून गेल्या."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी बोलायला हवं होतं. मी पुढचा मणी ओढला.

पट्ट्या त्याच दिवशी बंद झाल्या. नागपूरला ऑपरेशन झालं. पिशवी काढली, जांघेजवळच्या गाठी काढल्या, मग पंचवीस दिवस विजेचा शेक. कॅन्सर वेळेत सापडला, जिवाचं भय नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पण गाठी काढल्यानं तिचा डावा पाय सुजायला लागला, आणि ती सूज पुन्हा उतरली नाही. अर्धा तास उभी राहिली की पाय खांबासारखा व्हायचा. वर्षभर तिनं खुर्चीवर बसून शिकवून पाहिलं. फळ्याच्या वरच्या भागापर्यंत हात पोचत नाही, आणि बसल्या बसल्या भूमिती शिकवता येत नाही, असं म्हणून तिनं मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी मुलींनी तिला लाकडी कर्कटक भेट दिलं, फळ्यावर वर्तुळ काढतात ते मोठं. ते वर तिच्या खोलीत खिळ्याला लटकलेलं असतं.

त्यानंतरच्या एका गुरुवारी मी घरी कोणाला न सांगता वर्ध्याला गेले. डॉक्टरबाईंसमोर बसले आणि सांगितलं की गोळ्या मी बंद करायला लावल्या होत्या. का, तेही सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पाळी नको होती, एवढंच ना? पाळी थांबून वर्ष झालं असतं की दुसरी पद्धत देता आली असती. रोज थोडी गोळी, पट्टीच्या सोबत. त्यात हळूहळू पाळी येतच नाही. एकदा येऊन सांगायचं होतं हो." मग म्हणाल्या की विचारायचं मलाही सुचायला हवं होतं, मीही इथलीच आहे.

एकदा येऊन सांगायचं होतं. पॅसेंजरमध्ये हे वाक्य माझ्यासोबत पुलगावपर्यंत आलं. मी इतक्या देवांना सांगितलं, नवस बोलले, आणि जिला विचारायचं तिला विचारलं नाही. ज्या वर्षी गोळ्या थांबवल्या, त्याच दिवाळीला तिची पाळी जाऊन वर्ष होणार होतं. आमच्या महालक्ष्म्यांपासून दोन महिने.

घरी आले ती थेट जिना चढले. नमिता पाय उशीवर ठेवून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, दुसऱ्या पद्धतीचंही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत होतं, ताई. ऑपरेशनच्या आधीच मी बाईंले विचारलं होतं."

"मग बोलली काऊन नाई?"

"तुम्ही जेवण सोडलं असतं. तसेही आठवड्यातले चार दिवसच जेवता."

ती थोडं हसली. मला हसता आलं नाही. मी तिच्या पायाला हात लावला, तर तिनं पाय ओढून घेतला. मी मोठी आहे म्हणून, की दुसऱ्या कशानं, ते मी विचारलं नाही.

महालक्ष्म्या आजही बसतात. तिला आता कसलीच अडचण नाही, बाराही महिने नाही. पण खाली मांडी घालून बसता येत नाही, म्हणून तिची खुर्ची देवघराच्या बाहेरच राहते, जिथं पाट असायचा त्याच खांबाजवळ. खुर्ची आत घे, असं मी दर वर्षी म्हणते. इथूनच बरं दिसते, असं ती म्हणते. त्यावर मी जोर करत नाही. माझ्या जोरानं काय झालं ते मी पाहिलं आहे.

अंगातल्या वाफा तिला पुन्हा सुरू झाल्या. आता पट्टी द्यायची नाही असं डॉक्टरबाईंनी सांगितलं आहे. उन्हाळ्यात ती खुर्चीवर बसून घामाघूम होते, आणि मी पोथी बाजूला ठेवून तिला पंखा घालते. माझे उपास चालू आहेत. पहाटे न्हाणं, तुळशीला पाणी, माळ, सगळं तसंच. फक्त वर्षानुवर्षांची सवय तोंडातून जात नाही. परवा तुळशीला पाणी घातलं आणि जिन्याखाली जाऊन मी हाक मारली, "नमिता, आज सोमवार."

वरून तिचा आवाज आला, नेहमीसारखा शांत.

"आता काही बदलायचं नाई, ताई."

मी कलश हातात धरून तिथंच उभी राहिले.