घरच्या घुगऱ्या

अणदुरात कुणाकडंही बारसं असलं, की प्रेमाबाई हरभऱ्याच्या घुगऱ्या पदरात बांधून आणायच्या, सुनेच्या हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आपल्या घरच्या कधी?" लग्नाला दोन वर्षं झाली तरी हेच चाललं होतं. शिवांजली हसून खायची. तिची नखं निळसर दिसायची. अंगात रक्त कमी असेल, असं प्रेमाबाईंना वाटायचं.

दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यात सोलापूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली, तेव्हा कळलं. शिवांजलीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं आणि आजवर ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता फुप्फुसांतला रक्ताचा दाब इतका वाढला होता, की छिद्र बुजवूनही उपयोग नव्हता. पोट वाढेल तसा हृदयावरचा भार वाढणार होता. बाळंतपणात बाई वाचेल याची खात्री नव्हती. गर्भ काढून टाका, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

नंदीशनं बायकोला परोपरीनं समजावलं. तिची आई येऊन रडून गेली. शिवांजली ऐकेना. शेवटी प्रेमाबाई जवळ बसल्या, तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, "आत्या, उद्या कुणाचं बारसं झालं, की पुन्हा माझ्याच हातावर घुगऱ्या ठेवणार ना?"



दुसऱ्या दिवशी प्रेमाबाईंनी नंदीशला माळ्यावर चढवलं. तो ज्यात वाढला होता, तो सागवानी पाळणा खाली काढून पुसला. शेजारच्या प्रतीक्षाला आठवा लागला होता. तिला हाक मारून पाळणा देऊन टाकला. परत कधी आणू, असं प्रतीक्षानं विचारलं.

"आणू नको," प्रेमाबाई म्हणाल्या. "आमच्यात आता लागणार न्हाय."

शिवांजली उंबऱ्यात उभी होती. चार पावलं चालूनही तिला धाप लागली होती. तिनं सासूकडं बघितलं, मग ती आत जाऊन पिशवी भरू लागली. सोलापूरच्या वाटेवर ती प्रेमाबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. गर्भ काढून येतानाही तशीच.

पुढं प्रतीक्षाच्या मुलीचं बारसं झालं. प्रेमाबाई गेल्या नाहीत, तरी घुगऱ्या घरी आल्याच. त्या पदराआड घेऊन प्रेमाबाई म्हशीच्या गव्हाणीत टाकायला मागल्या दारी गेल्या. शिवांजली तिथंच भिंतीला टेकून बसली होती. तिनं हात पुढं केला.

"आणा की. आपल्याच पाळण्यातल्या हायत."

प्रेमाबाईंनी घुगऱ्या तिच्या हातावर ठेवल्या. या खेपेला त्या तिच्या शेजारी बसल्या आणि त्यातल्याच मूठभर आपणही खाऊ लागल्या.