काखेतली उशी

डोक्याखाली घेतात ती उशी मी नव्हे. मी वीतभर लांब, पोटात सावरीचा कापूस आणि अंगावर जुन्या निळ्या इरकलीचा तुकडा. कसबा बावड्यातल्या राजमतीनं मला स्वतःच्या हातानं शिवलं. तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली होती आणि तो काढायचा ठरला होता. ऑपरेशननंतर हात अंगाला घासू नये म्हणून काखेत धरायला एक मऊ उशी आणा, असं दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं. सून भाग्यश्री म्हणाली, विकत मागवू. राजमतीनं ऐकलं नाही. दारात बसून तिनं मला शिवलं, आणि शिवताना एकदाही डोळे पुसले नाहीत.

तशी ती खमकीच. दोन म्हशींची धार काढून डेअरीला दूध घालायचं, अंघोळ करून जैन बस्तीत दर्शनाला जायचं, मग घरातल्या सगळ्यांना कामाला लावायचं. नवरा तात्यासो साखर कारखान्यातून रिटायर झालेला, अबोल माणूस. घरात आवाज असायचा तो राजमतीचाच.

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ पुरती निघाली, असं डॉक्टरांनी सांगितलं. रिक्षातून घरी येताना प्रत्येक खड्ड्याला तिनं मला काखेत घट्ट दाबलं. पाहुणे आले, फळं आली, कुरुंदवाडची बहीण चार दिवस राहून गेली. टाके निघाले. आता माझं काम संपलं, असं मला वाटू लागलं होतं.

तेवढ्यात टाक्यांच्या कडेला एक पुळी उठली. बघता बघता ती फुटली आणि तिथं जखम पडली. कडा जांभळ्या, कुरतडल्यासारख्या. अंगात ताप. मिरची भरल्यागत आग व्हायची, तेव्हा राजमती मला दातांत धरायची. माझ्या एका कोपऱ्यावर त्या दातांच्या खुणा अजून आहेत.

डॉक्टरांना वाटलं, जखमेत जंतू शिरले. जोरदार औषधं झाली. पू तपासला, त्यात जंतू सापडेनात. मग तिला पुन्हा ऑपरेशनला नेऊन सडलेला भाग कापून जखम साफ केली. घरी आल्यावर जखम पहिल्यापेक्षा मोठी झाली. पुन्हा कापली, आणखी पसरली. पुढचे उपचार सुरू करायचे होते, तेही या जखमेपायी अडून बसले.

घरात कुणी काही बोललं नाही, पण अंतर वाढत गेलं. भाग्यश्री जेवणाचं ताट उंबऱ्याशी ठेवू लागली आणि नातीला आजीच्या खोलीत जाऊ देईना. जखमेला वास यायचा, भाग्यश्रीचाही इलाज नव्हता. तात्यासोंनी आपलं अंथरूण बाहेरच्या सोप्यात नेलं. शेजारणी खिडकीशी उभ्या राहून कुजबुजायच्या, शिवलेलं फुटतंय म्हणजे आत गाठ अजून हाय. राजमतीनं बस्तीत जाणं सोडलं. स्वतःचा तांब्या, स्वतःची वाटी तिनंच वेगळी काढली, कुणी सांगायच्या आधी. जिच्या हाकेला सारी गल्ली दचकायची, ती दुपारभर मला छातीच्या चांगल्या बाजूला धरून आढ्याकडं बघत पडायची. कधी म्हशींची नावं पुटपुटायची. मी ऐकायची.

तिसऱ्यांदा साफ करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरच थबकले. काहीतरी चुकतंय म्हणाले, आणि त्यांनी त्वचेच्या डॉक्टर अनुजा यांना बोलावून घेतलं. त्या आल्या, खुर्ची ओढून राजमतीजवळ बसल्या. इतक्या जवळ कितीतरी दिवसांत कुणी बसलं नव्हतं. अशी जखम आधी कधी झाली होती का, त्यांनी विचारलं. राजमतीला आठवलं. पूर्वी म्हशीचं शिंग लागून नडगीला नुसतं खरचटलं होतं, त्याचं केवढं मोठं क्षत झालं होतं, कडा अशाच जांभळ्या. पाला बांधून बांधून कितीतरी महिन्यांनी भरलं. तिनं पातळ वर करून व्रण दाखवला.

"काकू, हे बहुतेक जंतूंचं काम नाही," अनुजा म्हणाल्या. "अंगाची राखण करणारी ताकदच तुमच्यावर उलटली आहे. क्वचित कुणाला होतं असं. आपण जितकं कापू तितकी ती भडकणार."

कडेचा एक लहानसा तुकडा त्यांनी तपासायला घेतला, दुसरं काही नाही याची खात्री करायला. मग म्हणाल्या, आता कापणं बंद, स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू करू. पण आपला अंदाज चुकला आणि आत जंतू असले तर याच गोळ्यांनी ते माजतील, हेही त्यांनी लपवलं नाही. तात्यासो खाली बघत उभे होते. राजमतीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "द्या. मी घेते." आणि मग तिनं एवढंच विचारलं, "ही दुसऱ्याला लागती का?"

"नाही. कुणालाच नाही."

तात्यासोंनी मान वर केली नाही.

गोळ्या लागू पडल्या. ताप उतरला, आग निवली, कडा शांत झाल्या. तोंड सुजलं, साखर वाढली, पण जखम हळूहळू भरू लागली. भाग्यश्री ताट घेऊन आत येऊ लागली. अंथरूण मात्र सोप्यातच राहिलं. राजमतीला ते दिवस सगळ्यांत जड गेले. आधी तात्यासोंच्या लांब राहण्याला रोगाचं निमित्त तरी होतं.

एका दुपारी भाग्यश्री माहेरी पेठ वडगावला गेली होती. ड्रेसिंग एकटीला जमेना, म्हणून राजमतीनं हाक मारली. तात्यासो दारात येऊन उभे राहिले.

"लागंल म्हणून येत न्हवतो असं न्हवं," ते बोलले. "मला बघवत न्हवतं गं."

"मला तरी कुठं बघवतंय?" राजमती म्हणाली. "पण मी उठून कुठल्या सोप्यात जाऊ?"

ते आत आले. सलाईनच्या पाण्याची बाटली त्यांनी हातात घेतली. आधी तोंड फिरवून पाणी सोडलं, ते सगळं माझ्यावरच सांडलं. मग त्यांनी नीट बघून सोडलं.

आता जखम भरली आहे. तिथलं कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, चाळणीगत खड्ड्याखड्ड्यांचं. अडलेले उपचार सुरू झालेत. जखम भरेपर्यंत रोजचं ड्रेसिंग तात्यासोंनीच केलं. अंथरूण अजून सोप्यातच आहे. तिनं आत बोलावलेलं नाही, त्यांनी विचारलेलं नाही. पण सकाळचा चहा घेऊन ते खोलीत येतात, पलंगाच्या कडेला बसतात, दोघं गप्प चहा पितात.

मी कपाटावर पडून असते, माझ्यावर धूळ साचते. त्याचं मला दुःख नाही. पण तुमच्या घरात कुणी असं एका खोलीत पडून असेल, तर त्याला माझ्यासारखीच्या भरवशावर टाकू नका. आत जा, जवळ बसा, बोलायला सुचलं नाही तरी चालेल. राजमती माझ्यात तोंड खुपसून किती वेळा रडली. मी मऊ होते, ओली झाले, वाळले. तिच्या पाठीवरून फिरवायला मला हात नव्हता.