नाव अक्काचं, अंगठा पुनमचा

भिकुबाईचं वागणं मला पटलेलं नाही. तीन आठवडे झाले, रोज सकाळी बाई माझ्या दारावरून जाते आणि मान वळवत नाही. पदर कपाळापर्यंत ओढलेला, जसा काही मी तिचा सासरा आहे. मी ओट्यावर बसलेली असते, चहाची बशी हातात. आधी ती तिथं थांबायची, काहीतरी टोचून जायची. "अक्का, तीन चमचे साखर? आता दात नाहीत तर काय किडणार, नाही का?" आता काहीच नाही. चप्पल वाजवत नाही, खोकत नाही.

तीस वर्षं ती आमच्या केळीच्या कामात आहे. घडाच्या फण्या अशा काढते की एका केळीला नख लागत नाही. आम्ही दोघी पारोळ्याकडच्या, लग्न होऊन रावेरला आलेल्या. इकडची बोली वेगळी. म्हणून दोघीच असलो की अहिराणीत बोलायचो. चारचौघात ती मला अक्का म्हणायची, एकटी असली की कमल.

मला वाटलं, घरात काही झालं असेल. मग वाटलं, माज आला असेल. विचारायला मी गेले नाही. मी का जाऊ? गुडघ्यांमुळं मी आता केळी भरायच्या शेडवर जात नाही, पण घरी बसून सगळं चालवते, असं मी समजत होते.

एका सोमवारी प्रेमराज, माझा मुलगा, जेवायला बसला होता. मी विचारलं, "भिकुबाई तुझ्याशी तरी बोलते का रे?"

त्याचा भाकरीचा हात थांबला. "ती कुठं आहे आपल्याकडं?"

"रोज तर जाते इथून."

"आपल्या शेडपुढून जाते, पुढच्या दुसऱ्या मालकाच्या शेडवर." मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "तूच काढलंस ना तिला, आई."

मी म्हटलं, "मी?"

"कॉम्प्युटरमध्ये तसंच आहे. मला वाटलं, तुमच्या दोघींचं काही भांडण झालं असेल. तुमच्या भांडणात मी पडत नाही."

मी त्याला भाजी वाढली. तो जेवून गेला. मी भांडी तशीच ठेवली आणि ओट्यावर येऊन बसले. वाईट वाटायला पाहिजे होतं. काही वाटलं नाही. समोरून केळीचे दोन ट्रक गेले, ते मोजले.

आता कॉम्प्युटरचं सांगते. केळी बाहेरदेशी पाठवायला लागलो तेव्हा घेणारे म्हणाले, प्रत्येक पेटी कोणत्या शेतातली, कोणत्या बाईनं भरली, हे कॉम्प्युटरमध्ये पाहिजे. म्हणून दीड वर्षापूर्वी धुळ्याहून ललित नावाचा माणूस आला. त्यानं शेडच्या फाटकावर अंगठ्याचं मशीन बसवलं आणि ऑफिसात कॉम्प्युटर. बाई आली की अंगठा लावायचा, हिरवा दिवा लागला की आत. मग त्यानं विचारलं, "ॲडमिन कोण?"

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे ज्याच्या हातात बठ्ठं, सगळं. नवीन माणूस घ्यायचं, काढायचं, कोणाला किती दिसेल ते ठरवायचं. बाकीचे आपलं आपलं काम करतील. ॲडमिनला कोणी अडवू शकत नाही."

प्रेमराज म्हणाला, "माझं नाव टाका."

मी म्हटलं, "का? मी मेले का?"

ललितनं 'अक्का' असं नाव घातलं. मग म्हणाला, "अंगठा द्या."

मी चौथी शिकलेली आहे. सही करते. ग्रामपंचायतीत, बँकेत, मुलाच्या शाळेत, कुठं म्हणून मी अंगठा दिला नाही. बोटाला शाई लावायला आलेल्या कारकुनाला मी एकदा पेन काढून दाखवला होता. पण ललित म्हणाला, हा तो अंगठा नाही, हा मोठ्या माणसाचा अंगठा. मग दिला. लाल दिवा. परत दिला. परत लाल. लिंबू लावून हात धुतले, पदराला पुसले. त्यानं दहाही बोटं लावून पाहिली. दहाही नापास.

ललित खाली पाहून म्हणाला, "अक्का, केळीच्या चिकानं रेषा गेल्यात तुमच्या."

प्रेमराज हसला नाही, हे त्यानं बरं केलं. ललितनंच तोडगा काढला. नाव अक्काचं राहू द्या, बोट वहिनींचं घेऊ. ऑफिसात माझी सून पुनम बसते, तिचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. मऊ हात आहेत तिचे. मी हो म्हटलं. नाव माझं होतं ना.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर जाऊन बत्तीस बायकांपुढं उभी राहिले आणि सांगितलं, "या डब्यात माझ्या मर्जीशिवाय पान हलणार नाही."

भिकुबाई मागून ओरडली, "मग पंखा लावा अक्का! पान बी हलेल, आम्हाला वारा बी लागेल!"

सगळ्या हसल्या. मी पण हसले. पंखे लावले.

त्या सोमवारी जेवणं झाल्यावर मी ऑफिसात गेले. पुनमनं खुर्ची दिली. मी म्हटलं, "भिकुबाईचं दाखव."

तिनं दाखवलं. मला वाचता येतं, हळू येतं. भिकुबाईचं नाव, पुढं तारीख, वेळ अकरा चाळीस. त्याच्यापुढं लिहिलं होतं, काढणारे: अक्का.

त्या तारखेला मी बोदवडला होते, भाचीच्या साखरपुड्यात. अकरा चाळीसला मी मांडवात बसून विहीणबाईंना सांगत होते की आमच्याकडं माणसं टिकतात.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

पुनम म्हणाली, "मला नाही माहीत, आई. मुकादम म्हणाला अक्कांनी काढलं. मी म्हटलं, काढलं असेल."

"माझा अंगठा कोणाचा आहे?"

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग स्वतःच्या बोटाकडं पाहिलं.

हळूहळू निघालं. त्या दिवशी ललितचा फोन आला होता. जी माणसं महिनाभर आली नाहीत त्यांची नावं काढा, यादी फार झाली. कॉम्प्युटरनं अकरा नंबर दाखवले. पुनमनं अकरावर खुणा केल्या, अंगठा लावला. अकरातल्या दहा जणी खरंच गेलेल्या होत्या, कोणी सुरतला, कोणी बाळंतपणाला. अकरावी रोज सकाळी साडेसातला यायची. पण तिच्याही अंगठ्याच्या रेषा चिकानं गेल्या होत्या, लाल दिवा लागायचा. फाटकावरचा माणूस म्हणायचा, "जा मावशी, आत जा." ती जायची. कॉम्प्युटरच्या हिशेबी ती महिनाभर आलीच नव्हती.

"नाव वाचलं नाहीस?"

"नंबर होते, आई. नुसते नंबर." पुनम रडायला लागली. "तुम्ही ओरडा मला."

मला ओरडायला आलं नाही. तिचं काही फार चुकलं असंही मला वाटेना, आणि नाही चुकलं असंही नाही. मी म्हटलं, "नाव परत घाल."

तिनं घातलं. अंगठा लावला. मग मला सांगितलं की आता भिकुबाईच्या मोबाइलवर मेसेज जाईल. काढताना पण गेला असेल. आपोआप जातो.

"काय लिहिलेलं असतं?"

तिनं वाचून दाखवलं. 'अक्का यांनी आपले नाव यादीतून काढले आहे. धन्यवाद.'

भिकुबाईला वाचता येत नाही. म्हणजे तिच्या सुनेनं, सारिकानं, वाचून दाखवलं असणार. स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. भिकुबाई माझ्या दारावरून गेली आणि पुढच्या शेडवर गेली. मी ओट्यावर होते. हाक मारता आली असती. तोंडात चहा होता, तो गिळला, तोवर ती वळणाला गेली होती. तिन्ही दिवस असंच.

शुक्रवारी मी प्रेमराजला ऑफिसात बोलावलं. म्हटलं, "माझं नाव काढ त्या ॲडमिनमधून. ज्याचा अंगठा त्याचं नाव. पुनमचं टाक."

त्याला वाटलं मी रागावले. "आई, एवढ्याशा गोष्टीवरून? चूक झाली, दुरुस्त झाली. नाव राहू दे, शोभतं."

"शोभायला मी काय तोरण आहे?"

त्यानं ललितला फोन लावला. ललितनं फोनवरून सांगितलं, पुनम करत गेली. आधी पुनमच्या नावाचं नवीन खातं काढलं. मग 'अक्का'च्या खात्यातून तिला ॲडमिन केलं, कारण ॲडमिन दुसऱ्या ॲडमिनलाच करता येतो. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की का? पुनमनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "दाब." मग पुनमनं आपल्या नव्या खात्यातून माझ्या खात्याचे अधिकार काढले. परत विचारलं, नक्की का? ती थांबली. मी म्हटलं, "दाब ना. बोट भाजतं का तिथं?"

आता यादीत माझ्या नावापुढं 'पाहणारा' असं आहे. 'पाहणारी' सुद्धा नाही. तसा शब्दच त्यात नाही, असं ललित म्हणाला. मला बघता येतं, हलवता येत नाही. प्रेमराजनं विचारलं, "वाईट वाटलं का?" मी म्हटलं, "पाणी दे."

शनिवारी उतरत्या उन्हात मी भिकुबाईच्या घरी गेले. गुडघ्यांना दोनदा थांबावं लागलं. ती अंगणात सुपात दादर ज्वारी पाखडत होती. सारिका नळावर होती, मला पाहून आत गेली.

मी अहिराणीत म्हटलं, "भिकू, काय करी रायनी?"

तिनं सूप खाली ठेवलं. "या, कमलबाई. बसा." शुद्ध मराठीत. तहसील ऑफिसात बोलतात तसं. तीस वर्षांत तिनं मला कधी बसा म्हटलेलं नाही.

मी पायरीवर बसले. "तुनं नाव परत घातलं शे."

"हो. मेसेज आला."

"मग येत का नाहीस?" मी पण मराठीवर आले.

"मला दुसरीकडं काम मिळालं. बरी माणसं आहेत. अंगठा लागला नाही तर वहीत नाव लिहितात."

मी तिला सगळं सांगितलं. अंगठा पुनमचा होता, मी बोदवडला होते, यादीत नंबर होते. तिनं ऐकून घेतलं. मधे एक खडा निवडून टाकला.

"म्हणजे तुम्ही काढलं नाही."

"नाही."

"नाव तुमचं होतं."

"होतं."

"आणि नाव आपलंच पाहिजे, हा हट्ट पण तुमचाच. बत्तीस बायकांपुढं तुम्ही सांगितलं होतं, माझ्या मर्जीशिवाय पान हलणार नाही. मग मी काय समजू? पान हललं. म्हणजे मर्जी असेल. खाली धन्यवाद पण होतं."

तिचं खरं होतं.

मग तिनंच विचारलं, "आता कोण आहे तिथं?"

"पुनम. मी काल नाव काढून घेतलं."

"म्हणजे आता तुम्ही सांगून काही होत नाही."

"नाही."

"मग आलात कशाला?"

सारिकानं चहा आणून ठेवला. कोणी कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली. मला वाटलं होतं, इथं आल्यावर आतून काहीतरी फुटेल, राग येईल, नाहीतर रडू. पायरी तापलेली होती, तेवढंच कळत होतं. भिकुबाईनं सूप परत मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. मी कधी जाते, याची ती वाट पाहत होती.

मी भिंतीला धरून उठले. तिच्यापुढं उभी राहिले आणि सारिकाला आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं,

"भिकू, नाव माझं होतं, चूक माझी. ती मी घेतली, आणि तू नाही आलीस कामावर तरी घेतलेलीच राहील. पण तीस वर्षं तू माझ्याशी पाण्यावरून भांडलीस, उन्हावरून भांडलीस, सणाच्या सुट्टीवरून माझं घर डोक्यावर घेतलंस. आणि या एका गोष्टीला आली नाहीस. मोबाइलमधल्या चार शब्दांवर विश्वास ठेवलास आणि पदर ओढून निघून गेलीस. काढलं तुला मशीननं, गेलीस तू आपल्या पायानं. मानी आहेस, असू दे. पण भांडायला यायचं होतं तुला. नाही आलीस, तिथं तू चुकलीस."