एक हजार चारशे छत्तीस गाठी

मी आयुष्यात व्हिडिओ गेमवर एक हजार चारशे छत्तीस रुपये घातले. हा आकडा अंदाजाने सांगत नाही. तो मोजलेला आहे, आणि मोजताना आमच्या रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या सामायिक जाळ्याचे, तेवीस जण समोर बसले होते.

हे आता लिहायचं कारण आमची मुलगी वर्षाली. ती बांद्याला दिलेली आहे. यंदा मे महिन्यात माहेरी आली ती जान्हवीची, म्हणजे माझ्या नातीची, तक्रार घेऊनच आली. जान्हवी बारावीला गेली. तिच्या मोबाईलवर पन्नास रुपयांचं रिचार्ज मारलं की पंधरा दिवसांत संपतं, कारण ती त्यावर खेळ उतरवून घेते.

"बाबा, तुमी तरी सांगा तिका," वर्षाली म्हणाली. "वर्साक हजार-दीड हजार नुसते खेळाक जातत."

मी हो म्हटलं, पण जान्हवी समोर आली तेव्हा माझं तोंड उघडेना. वर्षालीला वाटलं मी नातीचे लाड करतो. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती वर्षालीलाही मी कधी नीट सांगितली नव्हती.

दोन हजार एक साली, पावसाआधीच्या शेवटच्या रापणीला, दोर ओढता ओढता माझं उजवं अंग गेलं. मी वाळूत पडलो. लोकांना वाटलं पाय अडकला. कुडाळच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. दोन महिन्यांत पाय चालू लागला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पण हात काही उठेना. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला आणि तो दिवसातून शंभर वेळा दाबायला सांगितला. मी चेंडूकडे बघत बसायचो. बोटं त्याच्याभोवती मिटायचीच नाहीत. आठ दिवसांनी मी तो शेजारच्या कुत्र्याला खेळायला दिला.

आमची रापण तारकर्लीची. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे. जो दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा, हा जुना नियम. त्यात म्हातारी माणसं येतात, विधवा बायका येतात. त्यावेळी रापणीचा कारभार बाळाकडे होता. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, जाळ्याचं काम माझ्याकडेच शिकलेला. त्याने निरोप पाठवला, "हरीदादाक सांगा, सकाळी येवन दोराक हात लाव. अर्धो वाटो तुझो." म्हणून मी रोज रांगेच्या शेवटी उभा राहून डावा हात दोराला लावायचो. ओढत काही नव्हतो. पण हात लावला हे खोटं नव्हतं.

वर्षाचा हिशोब नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी देवळाच्या मंडपात होतो. वहीत नाव असतं, त्यासमोर प्रत्येकाने सही करायची. माझा जन्म अंगठ्यात गेला होता. त्रेपन्नाव्या वर्षी, त्याच मंडपात दुपारचे साक्षरतेचे वर्ग भरायचे, तिथे मी अक्षरं शिकलो. आमच्या रापणीत माझ्या वयाच्या माणसांत पहिली सही माझी. हरिश्चंद्र हे नाव लिहायला मला पंधरा दिवस लागले होते. शिकवणारी मुलगी म्हणाली होती, नुसतं हरी लिहा. मी ऐकलं नव्हतं.

तर त्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा बाळाने शाईचा पॅड माझ्यासमोर सरकवला. त्याची काहीच चूक नव्हती. मी डावा अंगठा उठवला, घरी आलो, राखेने शाई घासून काढली आणि त्या दिवशी जेवलो नाही. होडी गेली, दोर ओढणं गेलं, त्याबद्दल मी मनाची समजूत घातली होती. पण वहीतलं माझं नाव मला माझ्या हाताने लिहिलेलं हवं होतं. बाकी देवाकडे काही मागणं उरलं नव्हतं.

माझी बायको रुक्मिणी मालवणच्या बाजारात मासळी विकते. पाऊस संपल्यावर मी तिच्याबरोबर जाऊ लागलो, घरी एकटा बसवेना म्हणून. मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत गुरुदासचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तीन लाकडी कपाटं, प्रत्येकात एक टीव्ही बसवलेला, खाली एक दांडा आणि बटणं. शाळा सुटेपर्यंत दुकान रिकामंच असायचं. गुरुदासने मला पायरीवर बसलेला बघितलं.

"काका, कोणाची वाट बघतास?"

"बायलेची. मासळी खपली की जावचा."

"मगे एक खेळान बघा. रुपयो फक्त."

"माझो हात मेलेलो आसा रे."

"डावो आसा मा? दांडो डाव्यानच धरूचो आसता. उजव्यान नुसता बटण दाबूचा."

विमानाचा खेळ होता. मी उजवा हात डाव्याने उचलून लाल बटणावर ठेवला, पाटावर बिनहाडाचं लिबलिबीत माकुल ठेवावं तसा. समोरून दहा विमानं आली. माझ्या विमानाने एकही गोळी सोडली नाही. मी तीस मोजेपर्यंत खेळ संपला. मी दुसरा रुपया घातला. मग तिसरा.

चेंडू दाबला नाही तर काही होत नव्हतं. इथे बटण दाबलं नाही तर मी मरत होतो. फरक एवढाच, पण मला तो पुरला. मी रोज जाऊ लागलो. अर्ध्या वाट्यातले तीन रुपये, कधी चार, त्या कपाटात जायचे.

महिन्याभरात रुक्मिणीच्या लक्षात आलं. सदऱ्याच्या खिशात सकाळचे सुटे पैसे दुपारी नसायचे. मी जवळ आलो की ती नाक पुढे करायची. एक दिवस ती रिकामी पाटी डोक्यावर घेऊन सरळ दुकानात शिरली. माझं विमान तेव्हाच फुटलं.

"ह्या वयात पोरांचो खेळ?" ती दारातूनच म्हणाली. "माका वाटला दारू असात. दारू तरी बरी. तिका वास येता, माणसाक कळता तरी."

"काकी, तेंच्या हातासाठी..." गुरुदासने मध्ये तोंड घातलं.

"तू गप रव. तुझ्या आवशीक सांगतंय, तुझो झील म्हाताऱ्यांका लुटता म्हणान."

घरी आल्यावर तिने जाळ्याच्या दोऱ्याची एक गुंडी माझ्या मांडीवर टाकली. रुक्मिणीला लिहिता येत नाही. गिऱ्हाईकांची उधारी ती दोऱ्याला गाठी मारून लक्षात ठेवते, आणि तिचा हिशोब आजवर चुकलेला मी पाहिला नाही.

"रुपयाक एक गाठ," ती म्हणाली. "तुमी खेळणार तर खेळा. पण गाठ तुमच्याच हातान मारूची, रोजची रोज. माका बघूचा आसा, त्या खोक्यान माझे किती बांगडे खाल्ल्यान."

"एका हातान गाठ कशी मारू?"

"दात आसत मा? ते बांगडे खावकच दिल्यान काय देवान?"

मागच्या महिन्याचे रुपये आठवून तितक्या गाठी आधी मारल्या, आणि तसं सुरू झालं. दुपारी खेळायचं, संध्याकाळी पडवीत बसून जितके रुपये तितक्या गाठी. दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवायचा, डाव्या हाताने फास करायचा, दाताने ओढायचा. सुरुवातीच्या गाठी बघून मलाच लाज वाटायची. ज्याने तालुक्यातली निम्मी जाळी सांधली त्याच्या त्या गाठी. दहा झाल्या की बोटभर जागा सोडायची, म्हणजे मोजायला सोपं.

दिवाळीनंतर एका दुपारी माझ्या विमानाने एक गोळी सोडली. मी गुरुदासकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मला वाटलं मशीनने आपोआप सोडली. मग दुसरी सुटली. पहिलं बोट, अंगठ्याच्या शेजारचं, खाली जात होतं. वर यायला वेळ लावत होतं, पण खाली जात होतं. त्या दिवशी मी नऊ रुपये घातले. संध्याकाळी नऊ गाठी मारताना रुक्मिणी बघत होती. मी त्या बोटाने दोरा दाबून धरला तेव्हा ती उठून चुलीकडे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढचं हळूहळू झालं. दुसऱ्या वर्षीच्या हिशोबालाही मी अंगठाच दिला, कारण बोटं मिटत होती पण पेन सुटत होतं. मी कोणाला काही सांगितलं नाही. हात येता येता पुन्हा गेला तर लोकांत हसं होईल, ही भीती होती.

दोन हजार तीन सालचा हिशोब आला. त्या वर्षी मासळी फार कमी लागली होती. लोक आधीच चिडलेले. माझं नाव आलं तसा शिवा उभा राहिला. शिवा माझ्याच वयाचा, आम्ही एकत्र होडीवर गेलेले. त्याचे दोन मुलगे दोर ओढतात.

"एक विचारतंय," तो म्हणाला. "हऱ्याक अर्धो वाटो दोन वर्सा आमी देतो. आजारी माणूस, हरकत नाय. पण ह्यो आमच्या घामाचे पैशे मालवणात नेवन खेळाच्या खोक्यात घालता. माझ्या झिलान डोळ्यांनी बघल्यान. औषधाक घातल्यान तर मी बोलाचंय नाय."

मंडपात कुजबुज झाली. बाळाने माझ्याकडे बघितलं. "हरीदादा, खरा काय ह्या?"

"खरा."

"किती घातलंस?"

मी काही बोलायच्या आत बायकांच्या बाजूने रुक्मिणी उठली. ती घरी गेली आणि दोऱ्याचं वेटोळं घेऊन आली. बाळाच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "हयसर आसा सगळा. रुपयाक एक गाठ. मोजा."

बाळा मोजू लागला. दहा-दहाचे पुंजके बोटांतून सरकत होते आणि तो मोठ्याने आकडे म्हणत होता. तीनशेपर्यंत त्याचा हात भरभर चालला. मग मंद झाला. सहाशेला तो थांबला, आणि मागे जाऊन त्याने पुन्हा तीनशेच्या गाठी चाचपल्या. पुढे तो आकडे मनातच मोजू लागला. शेवटच्या गाठीला आल्यावर म्हणाला, "एक हजार चारशे छत्तीस." आणि दोऱ्याची दोन्ही टोकं शिवाच्या हातात दिली.

"शिवा, ह्या टोक बघ. मगे ह्या बघ."

शिवा जाळ्याचा माणूस. त्याला सांगावं लागलं नाही. एका टोकाच्या गाठी सैल, चघळलेल्या, दाताचे व्रण पडलेल्या. दुसऱ्या टोकाला जाळ्याची घट्ट गाठ, एका मापाची, दोन्ही हातांनी मारलेली. त्याने शेवटची गाठ नखाने उकलून बघितली. उकलेना. दातात धरून ओढली. तरी उकलेना.

"ही कोणी मारली?"

"मी."

"कधी?"

"काल."

तो दोरा पुन्हा गुंडाळू लागला. मग म्हणाला, "मेल्या, मगे उद्यापासना जाळी सांधूक येवन बस. माझ्या झिलांका गाठ शिकव. खोक्यापुढे कित्याक बसतंस?"

लोक हसले. मीही हसलो. शिवाने माफी वगैरे मागितली नाही, मला ती नकोही होती. त्याने विचारलं म्हणून गाठी मोजल्या गेल्या, नाहीतर त्या आमच्या पडवीतच राहिल्या असत्या.

बाळाने वही माझ्याकडे वळवली. वहीवर शाईचा पॅड होता. तो त्याने उचलून आपल्या मांडीखाली ठेवला आणि पेन दिलं. मी लिहायला लागलो. पहिल्या अक्षरालाच घाम आला. सगळे वहीवर वाकून बघत होते, त्यामुळे आणखीच अवघड झालं.

"दादा, नुसता हरी लिव," बाळा हळूच म्हणाला. "चलात."

"नको. पुरा लिवतंय."

पुरं लिहिलं. अक्षरं मोठी झाली आणि शेवटची दोन खालच्या रकान्यात उतरली. तो रकाना शिवाचा होता.

"हयसरय माझ्या वाट्यात घुसलंस," शिवा म्हणाला, आणि माझ्या अक्षरांना धक्का न लावता उरलेल्या कोपऱ्यात त्याने आपली सही बारीक करून बसवली.

दुसऱ्या दिवशीपासून मी जाळी सांधायला बसलो, आणि खेळ सुटला. नंतर वाटा पूर्ण झाला. गुरुदासचं दुकान दोन वर्षांनी बंद पडलं. मुलं सायबर कॅफेत जाऊ लागली, मग मोबाईल आले. आता तो त्याच जागेत रिचार्ज विकतो. दुकान मोडताना त्याने मला बोलावलं आणि तळहातावर एक अर्धी कापलेली स्प्रिंग ठेवली. मी पहिल्यांदा खेळलो त्या संध्याकाळी त्याने लाल बटणाखालची स्प्रिंग कापून बटण मऊ केलं होतं. सहा महिन्यांनी, मला न सांगता, पुरी स्प्रिंग परत बसवली होती. मला आठवलं, त्या आठवड्यात मी फार हरलो होतो आणि त्याला शिव्या घातल्या होत्या.

डॉक्टरांना दोरा दाखवला तेव्हा ते म्हणाले, हात गाठींनी आला. रुक्मिणीही तेच म्हणते. गुरुदास म्हणतो मशीनने आला. मला निवाडा करायचा नाही. रुपया घालायला वाटा नसता तर खेळ नसता, आणि खेळ नसता तर गाठी नसत्या. मी सगळ्यांचाच देणेकरी आहे, आणि हे देणं फेडावंसं वाटत नाही. असू दे अंगावर.

वर्षालीला हे सगळं सांगितलं तेव्हा जान्हवीही शेजारी होती. ऐकून ती उठून स्वयंपाकघरात गेली. तो दोरा आता चुलीच्या वर आडवा बांधलेला आहे, तीन पदरी करून. रुक्मिणी पावसाळ्यात त्याला सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, पिशव्या अडकवते. गाठींमुळे पिशव्या सरकत नाहीत. जान्हवीने पाटावर चढून गाठी चाचपल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग मला विचारलं, "आजोबा, इतके पैशे घातलात, तर किती लेव्हल पार केलात?"

"तिसऱ्याच्या फुडे कधी गेलंय नाय," मी म्हणालो.

ती इतकी हसली की तिला पाटावरून खाली उतरावं लागलं. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि मोबाईल माझ्या उजव्या हातात दिला.