रॉकेलच्या रांगेतला सामना

आदल्या संध्याकाळी बाबा अंगणात शेंगा सोलत बसले होते. मध्येच म्हणाले, "इंदू, जयसिंगचा पाय रेघेला लागला होता ना गं?"

"हो, बाबा."

पाच वर्षं मी हेच सांगत आले होते. त्यांनी समाधानाने पुढची शेंग फोडली. सकाळी ते उठलेच नाहीत.

तो सामना आणीबाणीतला. पिंपरीच्या आमच्या वसाहतीत एकाच कंपनीच्या दोन युनियन एकमेकींवर दगड फेकत होत्या. दोघांची डोकी फुटल्यावर बाबांनी कबड्डी जाहीर केली. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना घरी नेऊन चहा पाजायचा. पण जमावबंदी होती. पाच माणसं एकत्र दिसली की आत. म्हणून बाबांनी दोन्ही संघांतले पाच-पाच जण सुरुवातीलाच बाद ठरवून लांब लांब बसवले. उरले दोघांविरुद्ध दोघे. पंच म्हणून पाचवे आपणच, हे लक्षात येताच ते शिट्टी घेऊन पाण्याच्या टाकीवर चढले. बघायला आलेली सगळी वसाहत डबे घेऊन बंद रेशन दुकानापुढे रॉकेलच्या रांगेत उभी राहिली. रांग म्हणजे जमाव नव्हे.

फौजदार आले. मैदानातले चौघे मोजले. वर पाहिलं.

"तुम्ही पाचवे."

"मी पंच, साहेब. मैदानात नाही."

"आणि ही रांग? दुकान तर बंद आहे."

"उघडलं म्हंजी? नंबर नको व्हय?" रांगेतली छबूबाई म्हणाली.

फौजदारांना ते पटलं. थोड्या वेळाने तेही रांगेत उभे राहिले, डब्याशिवाय.

शेवटच्या चढाईत खंडूने जयसिंगचा एक पाय धरला. जयसिंगने दुसरा मध्यरेषेकडे ताणला. धूळ उडाली. बाबांच्या डोळ्यांवर ऊन.

"लागला!" अर्धी रांग ओरडली.

"न्हाई लागला!" उरलेली अर्धी.

"रांगेनं बोलायचं नाही," बाबा वरून गरजले. "इंदू, तू सांग."

मी रेघेपाशी बसले होते, मांडीवर पुस्तक घेऊन. मला कुणी मोजलंच नव्हतं.

"लागला," मी म्हणाले.

खंडूच्या युनियनने चहा पाजला. जयसिंगच्या माणसांना साखर कमी वाटली, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा सामना ठरला. मग दर रविवारी. फेकायचे दगड आता मैदानाचे कोपरे आखायच्या कामी आले.

तिरडीला चौघे लागतात. दोन्ही युनियनचे दोन-दोन पुढे आले.

"दौलतराव गेले. आता तरी खरं बोल, जयसिंग," खंडू वाकता वाकता म्हणाला. "पाय लागला नव्हता."

"त्यांच्या पोरीनं बघितलंय, राव!"

"चला, उचला," मागून कुणी म्हणालं.

मी बांबू धरला. "थांबा."

चौघेही थांबले.

"बाबा, मी पाहिलंच नव्हतं. मी वाचत होते."